साप्ताहिकीत खान्देशाचा एक साधा आठवडा

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
दूरदर्शन सह्याद्री, वरळी, मुंबई



पूर्वी मुंबई दूरदर्शनवर ‘साप्ताहिकी’ लागायची. येत्या आठवड्यात नाटक कधी, ‘छायागीत’ कधी, सिनेमा कोणता, हे निवेदिका नीट सांगायची आणि लोक कॅलेंडरच्या कोपऱ्यात टिपून ठेवायचे. आता ती सोय लागत नाही, सगळं मोबाइलवर कळतं. तरीही मला तुमच्याकडून एक साप्ताहिकी हवी आहे. खान्देशातल्या एका आठवड्याची. ती तुमच्याकडून येण्याचं चिन्ह दिसेना, म्हणून इथे जळगावात बसून मीच लिहून पाठवतो आहे.

आधी तक्रार मांडून टाकतो. तुमचा कॅमेरा आमच्याकडे येतच नाही असं मी म्हणणार नाही. येतो. काठीच्या राजवाडी होळीला येतो, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला येतो, थंडी पडली की भरीत खायला येतो. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा तर अख्खी माध्यमं गावात होती. मग मांडव सुटला आणि गाड्या परत गेल्या. पडद्यावरचा खान्देश पाहिला तर वाटावं, इथली माणसं वर्षभर एक तर नाचत असतात, नाही तर वांगी भाजत असतात. मधल्या दिवसांत आम्ही काय करतो, कोणत्या भाषेत भांडतो, दवाखान्यात काय बोलतो, बाजारभाव कसा विचारतो, याला दर आठवड्याची ठरलेली वेळ माझ्या पाहण्यात तरी कधी मिळालेली नाही.

आणि बोली? खासगी वाहिन्यांवर अहिराणी बोलणारा माणूस आला की प्रेक्षकांनी हसायचं असतं, हे आधीच ठरलेलं असतं. तुमच्याकडे हसवत नाहीत, तुमच्याकडे गौरव करतात. फेटा बांधतात, ‘लोकसंस्कृतीचा अमूल्य ठेवा’ म्हणतात आणि चार मिनिटांत आटोपतात. दोन्ही प्रकारांत त्या माणसाला काही सांगायचं असेल, ही शक्यता कोणी धरत नाही.

तुम्ही सरकारी कंपनी नाही, खासगीही नाही. तुमच्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये. त्याच्या बाराव्या कलमात तुमची कामं लिहून दिली आहेत. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेशी जागा द्यायची, अल्पसंख्य आणि आदिवासी समाजांच्या गरजा ओळखून कार्यक्रम करायचे, असं तिथे स्पष्ट आहे. त्यामुळे मी मागतो आहे ती मेहेरबानी नव्हे. आणि तुमच्या केंद्राला हे नवंही नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं, आणि पुढे त्याच केंद्रावरून मराठी-हिंदीच्या जोडीला गुजराती कार्यक्रमही दिसत. ‘आवो मारी साथे’ मुंबईतल्या मराठी घरांतही चालायचा. कुणाची मराठी त्यानं बाटली नाही.

आकडा लागेल, तर तोही देतो. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मराठीपासून वेगळी नोंदलेली भाषा आहे, अहिराणी तिच्यातच मोजली जाते, आणि ती आपली म्हणून सांगणारे १८ लाख ६० हजार लोक निघाले. प्रत्यक्षात जास्तच असणार. घरात अहिराणी बोलणारा माणूस गणनेचा मास्तर दारात आला की ‘मराठी’ सांगून मोकळा होतो. ग्रियर्सननं भाषा-सर्वेक्षणाच्या आपल्या १९०७ च्या खंडात खान्देशी मराठीशेजारी न ठेवता भिल्ल भाषांच्या पंगतीत बसवली, त्यावरून अभ्यासक अजून वाद घालतात. तो वाद त्यांना लखलाभ. मला एवढंच दिसतं की वेल्समध्ये १९८१ साली वेल्श बोलणारे सुमारे पाच लाख होते आणि त्यांना आख्खी वाहिनी मिळाली. सुखासुखी नाही मिळाली. थॅचर सरकारनं दिलेला शब्द फिरवला, तेव्हा ग्विनफोर इव्हान्स या नेत्यानं १९८० मध्ये आमरण उपोषणाचा इशारा दिला आणि सरकारला मागे यावं लागलं. १ नोव्हेंबर १९८२ ला एस-फोर-सी सुरू झाली. त्या वाहिनीवर वर्षानुवर्षं लोकांनी काय पाहिलं? एका खेड्यातल्या रोजच्या उठाठेवींची मालिका, ‘पोबोल अ कुम’. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं दुकान बुडालं, असलं सगळं. भाषा पडद्यावर टिकली ती असल्या रोजच्या कामाला लावल्यामुळे.

म्हणून मी साप्ताहिकीसाठी मुद्दाम सणाचा आठवडा घेतलेला नाही. श्रावणातल्या कानबाईचा घ्यायचा मोह झाला होता. सुरत-मुंबईहून माणसं येतात, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात, चित्रीकरणाला सगळं तयार. पण मग तुम्ही पुन्हा तेवढंच न्याल. जुलैअखेरचा, काहीही नसलेला आठवडा घेऊ.

सोमवारी संध्याकाळी दहा मिनिटं बातम्या, अहिराणीत. विषय जगाचेच, पण धुळे-जळगावकडून पाहिलेले. हतनूरचे किती दरवाजे उघडले, बोरी-पांझरेला पाणी आलं का, बस कोणती बंद आहे. तुमच्या केंद्राच्या सुरुवातीच्या वृत्तनिवेदिकांत स्मिता पाटील होत्या, त्यांचं घराणं धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं. जीन्सवर साडी नेसून बातम्या वाचायच्या, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. शिरपूरची आजची एखादी पोरगी त्याच खुर्चीवर बसून ‘कसं काय शे बठासनं’ म्हणून सुरुवात करील, तर प्रमाण मराठीचं काय बिघडणार आहे? पटकन एक अडचण सांगतो. माइक समोर आला की आमचा माणूस एकदम शाळेतलं मराठी बोलू लागतो. वाक्यावाक्यात ‘सदर’ आणि ‘त्या अनुषंगाने’ येतं. त्यावर इलाज एकच, विचारणाऱ्यानं प्रश्न अहिराणीत विचारायचा. मुंबईहून आलेल्या निवेदकाला ते जमणार नाही. इथलाच माणूस नेमावा लागेल, आणि त्याला मानधन मुंबईच्या दरानं द्यावं लागेल.

मंगळवार केळीचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे. ‘आमची माती आमची माणसं’ या तुमच्या शेतीच्या कार्यक्रमाचं ऋण आमच्या वाडवडलांवर आहे, ते नाकारत नाही. पण रावेर-यावलच्या केळीवाल्याचं जग आधी पाहा. सकाळी उठल्यावर तो पहिल्यांदा बऱ्हाणपूरचा भाव विचारतो. बऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात, पण एके काळी फारुकींची, म्हणजे खान्देशाचीच राजधानी. राज्याची हद्द बदलली तरी केळीचा भाव जुन्या राजधानीतूनच यायचा थांबला नाही. भाव तरी एक असतो का? नवतीचा वेगळा, पिलबागेचा वेगळा, कांदेबागेचा वेगळा. बोर्डावरचा एक आणि बागेत उभा राहून व्यापारी सांगतो तो दुसरा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण काट्यावर घड चढताना मानांकनाकडे कोणी पाहत नाही.

त्यात पावसाळ्यात सीएमव्ही येतो, काकडीवरचा मोझॅक विषाणू. मावा त्याला या झाडावरून त्या झाडावर नेतो. पानांवर पिवळे पट्टे, पोंगा सडतो, आणि औषध म्हणून काही नाही. रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर न्यायचं आणि बागेत किंवा बांधाला काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो लावायचं नाही. एवढीच गोष्ट. ती ‘प्रादुर्भाव आढळून आल्यास बाधित झाडांचे तात्काळ निर्मूलन करावे’ अशी सांगितली की ऐकणारा मान डोलावतो आणि झाड आठ दिवस राहू देतो, न जाणो सुधारेल म्हणून. तीच गोष्ट लेवा बोलीत, स्वतः दोनशे झाडं उपटलेल्या शेतकऱ्यानं, शेजाऱ्याला दटावावं तशी सांगितली तर त्याच दिवशी कुदळ निघेल. सल्ला तज्ज्ञांचाच राहू द्या, विद्यापीठाच्या माणसानं आधी तपासून घ्यावा. सांगणारा तेवढा बदला.

बुधवारी प्रवास. एका तासाचा माहितीपट, सुरतहून निघणाऱ्या भुसावळ पॅसेंजरमधला. निवेदन नको, पार्श्वसंगीत अजिबात नको. एकच कॅमेरा, जनरल डब्यात. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात खान्देशातून गेलेली माणसं मागांवर आणि डाइंगमध्ये काम करतात, पोरांना गुजराती शाळेत घालतात आणि गावाकडे फोन अहिराणीत करतात. गाडी सुटताना डब्यात दोन्ही भाषा असतात. बारडोली, व्यारा, सोनगढ मागे पडतात आणि नवापूर येतं. नवापूरच्या फलाटावरून दोन राज्यांची सीमा जाते, एकाच बाकाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत. तिथून मावची आणि भिल्ल बायका चढतात, डोक्यावरच्या ओझ्यांसकट. मग नंदुरबार. गुजर घरांतली गुजरी कानावर पडेल, ती सुरतेची गुजराती नव्हे आणि नंदुरबारची अहिराणीही नव्हे. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा. इथे डबा निखळ अहिराणी होतो आणि आवाज चढतो. (अहिराणी हळू बोलता येते असा माझा अनुभव नाही.) अमळनेरला चढणारे पुन्हा जरा सांभाळून बोलतात. साने गुरुजींच्या प्रताप हायस्कूलचं गाव, तत्त्वज्ञान मंदिराचं गाव. १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली विप्रोही इथलीच, पण त्याचा त्यांना त्यामानानं गर्व कमी. धरणगाव, पाळधी, जळगाव. जळगावला सोन्याच्या पेढीवर निघालेला वऱ्हाडाचा घोळका उतरतो. भादलीपासून पुढे लेवा बोली सुरू होते, आणि भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरांत तमिळ, तेलुगू, बंगाली, अँग्लो-इंडियन. तिथली मुलं ज्या हिंदीत एकमेकांना हाका मारतात ती हिंदी देशात दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार नाही.

हा सगळा पल्ला तीनशे किलोमीटरच्या आसपास. ऑस्ट्रेलियात एसबीएस नावाची वाहिनी ऑक्टोबर १९८० मध्ये सिडनी आणि मेलबर्नमध्ये सुरू झाली, परक्या देशांतून आलेल्यांच्या भाषा पडद्यावर आणण्यासाठी. आम्हाला त्यासाठी समुद्र ओलांडून कुणाला आणावं लागत नाही. तुम्हाला फक्त एक जनरल तिकीट काढायचं आहे. एसबीएसकडून शिकण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे. त्यांनी कार्यक्रम इंग्रजीत बोलून घेतले नाहीत, मूळ भाषेत ठेवले आणि खाली उपशीर्षकं दिली, त्यासाठी स्वतःचा मोठा विभाग उभारला. आम्हालाही तेच हवं. अहिराणी, पावरी, तडवी, जसं बोललं जाईल तसं ठेवा आणि खाली मराठी द्या. सांगली-रत्नागिरीच्या प्रेक्षकाला कळेल, आणि आमच्या माणसाला आवाज बदलावा लागणार नाही.

गुरुवारी आरोग्य. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा पाड्यांवर सिकलसेल आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, पत्रकं आली, भिंती रंगल्या. पण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी बाळाची, आणि पहिलं बाळ धडधाकट निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही, हे गणित पत्रकावरून कसं समजणार? ते पावरीत, सोयरिकीची बोलणी चाललेल्या अंगणात, आशाताईनं दाखवायला हवं. पोराचं रक्त तपासा म्हटल्यावर मुलीचा बाप काय म्हणेल, तेही दाखवावं, कारण अडतं ते तिथेच. तुमचा कॅमेरा सातपुड्यात जातो तो भोंगऱ्याच्या बाजारात आणि होळीला. या गुरुवारी त्यानं ढोल नसताना जाऊन पाहावं.

शुक्रवारी धुळे-भुसावळची उर्दू, आणि यावल-चोपड्याकडचे तडवी, जे भिल्लही आहेत आणि मुसलमानही. त्यांच्या घरांबद्दल मी बाहेरचा माणूस जास्त बोलणार नाही, त्यांच्यातल्याच कुणाला तो अर्धा तास देऊन टाका.

शनिवार करमणुकीचा, आणि इथे तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून आधीच सांगतो, तुम्ही फार उशिरा येणार आहात. ‘बबल्या इकस केसावर फुगे’ आणि ‘हाई झुमका वाली पोर’ या अहिराणी गाण्यांवर अर्ध्या महाराष्ट्राची लग्नं नाचली, ती तुमच्या मदतीविना. मालेगावच्या पोरांनी स्वस्तातल्या कॅमेऱ्यावर सुपरमॅन उडवला, त्यावर माहितीपट निघाला, पुढे हिंदी सिनेमा आला. मालेगावच्या छोटू दादाचे विनोदी व्हिडिओ कुठल्या कुठे पाहिले जातात. मग दूरदर्शन कशाला, असं तुमचाच कोणी अधिकारी विचारील. यूट्यूबला जे चालतं तेच तिथे वाढतं, आणि चालतं ते लग्नातलं गाणं आणि नवरा-बायकोचं भांडण. वहीगायनाचं मंडळ रात्रभर गातं, ते कोण टाकणार? आखाजीची झोक्यावरची गाणी ज्यांना पुरी येतात त्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना कोणी ‘सबस्क्राइब करा’ म्हणायला शिकवलेलं नाही. शिवाय तुमचं फ्री डिश, २००४ पासूनचं, महिन्याचे पैसे लागत नाहीत. जिथे मोबाइलला रेंज नाही अशा पाड्यांवर छपरावर तुमची तबकडी दिसते.

रविवारी बहिणाबाई, पण शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या चालीत नकोत. आसोद्यात जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या ओव्या मुलानं टिपल्या आणि १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. अत्र्यांनी ‘आधी शुद्ध मराठीत करून आणा’ म्हटलं असतं तर आमच्या विद्यापीठाला नाव द्यायला आज दुसरं कोणी शोधावं लागलं असतं. आसोदा-भादलीकडच्या बायकांनी, जात्यावर नव्हे, आपापल्या ओट्यावर बसून त्या कविता वाचाव्यात आणि त्यातलं काय अजून तसंच आहे, काय साफ खोटं पडलं, यावर आपसांत बोलावं.

एक वाद तुमच्या टेबलावर नक्की येणार. कोणती अहिराणी? धुळ्याची वेगळी, बागलाणची वेगळी, चाळीसगावची वेगळी. लेवा माणसाला अहिराणीत घातलं तर तो चिडेल, आणि तावडी बोलणारा म्हणेल आमचं नावच नाही. पत्र छापून आल्यावर मलाही फोन येणार आहेत. कृपा करून यावर समिती नेमू नका. आज धुळ्याचा बोलला, पुढच्या आठवड्यात चाळीसगावचा बोलेल. रमेश सूर्यवंशींनी १९९७ मध्ये अहिराणीचा शब्दकोश काढला, तोही एकमत होईपर्यंत थांबले असते तर अजून हस्तलिखितच असतं.

खर्चाचं म्हणाल तर जळगावला आणि धुळ्याला आकाशवाणीची केंद्रं आहेत. ध्वनिमुद्रणाची जागा, इथली बोली जाणणारी माणसं, कलावंतांच्या याद्या तुमच्याच संस्थेच्या कपाटात आहेत. कॅमेरा आणि दोन माणसं वाढवावी लागतील. प्रक्षेपण झालेलं सगळं ‘वेव्हज’ या तुमच्या ओटीटीवर ठेवा, म्हणजे सुरतेतल्या आणि पुण्यातल्या आमच्या पोरांना पाहता येईल. आणि चालू झाल्यावर पहिल्या महिन्यात प्रेक्षकसंख्या कमी दिसली म्हणून बंद करू नका. आमच्याकडे नव्या गोष्टीवर आधी टीका होते, मग पाहतात.

उत्तर पाठवाल तर मराठीतच पाठवा, चालेल. भुसावळ पॅसेंजरचं चित्रीकरण ठरलं तर एवढं पाहा की तुमची माणसं सकाळच्या गाडीला सुरतेहून बसतील. दुपारच्या गाडीनं नरडाण्यापुढे अंधार होतो आणि माणसं झोपतात.

कळावे,
आपला,
एक प्रेक्षक, जळगाव